युरोपची एकी आणि तरुणांचे मत



युरोपच्या एकीविषयी गारखेड्यात बोलण्याचे कारण जवळच, शेंद्र्याला आहे. तेथील स्कोडा मोटारींचा कारखाना २००१ साली सुरू झाला. स्कोडा मूळची चेक. १९९१ पासून ती जर्मनीच्या फोक्सवॅगनशी जोडली गेली. १९३९ साली ज्या जर्मनीने चेकांचा देश गिळला, तिच्याशीच पुढे ही भागीदारी झाली! युरोपातील अशा समेटाची सुरुवात १९५० साली झाली. युद्धाला लागणारा कोळसा आणि पोलाद सामाईक कारभाराखाली आणावे, असे फ्रान्सचे मंत्री शूमान यांनी सुचवले.

आजच्या तरुणांनी ते युद्ध पाहिलेले नाही. १९८७ पासूनच्या इरॅस्मस योजनेमुळे लाखो मुले शेजारच्या देशांत शिकली. त्यांना सरहद्द उंबरठ्याएवढीच वाटते. २०१६ साली ब्रिटनने संघ सोडण्याचा कौल दिला, तेव्हा पाहण्यांनुसार बहुतेक तरुण मतदार राहण्याच्या बाजूचे होते. वडीलधाऱ्यांच्या मतांनी पारडे फिरले.

मला वाटते, निर्णयाचे फळ ज्यांना अधिक वर्षे चाखायचे, त्यांचे म्हणणे आधी ऐकावे. आपल्या मंडळातही सुना-मुली सतरंज्या घालतात आणि ठराव आपण करतो. पुढील वर्षाचे काम त्यांना विचारून ठरवावे, एवढीच विनंती.