वस्तादाने न राखलेला डाव

आजचा भाग छोटा आहे. विषय आहे तलवारीचे सात डाव. गेम 'द लेजंड ऑफ झेल्डा: ट्वायलाइट प्रिन्सेस', 2006 साली निन्टेंडोच्या वी आणि गेमक्यूबवर आलेला.

झेल्डा मालिकेत डाव शिकवणारे गुरू काही नवीन नाहीत. 1987 च्या 'झेल्डा 2' मध्येही गावांत लपलेले तलवारबाज आपल्या हिरोला, म्हणजे लिंकला, खाली आणि वर भोसकायला शिकवतात. पण तिथे शिकवणी चुटकीसरशी संपते. ट्वायलाइट प्रिन्सेसमध्ये त्या शिकवणीचीच गोष्ट झालीय.

इथला गुरू म्हणजे जुनं चिलखत घातलेला एक सांगाडा. पहिला डाव वाटेतच मिळतो. पडलेल्या शत्रूवर उडी मारून तलवार खुपसायची. पुढच्या सहा डावांसाठी मात्र घुमणारे दगड शोधायचे, लांडग्याच्या रूपात त्यांच्या सुरात सूर मिसळायचा आणि मग सोनेरी लांडगा कुठे दिसतो ते बघत फिरायचं.

शिकवायची पद्धत बघा. नवीन डाव देण्याआधी गुरू म्हणतो, मागचा करून दाखव. ढालीचा धक्का आला, तरच त्यावर बेतलेला पुढचा डाव जमतो: धक्का द्यायचा, शत्रूच्या डोक्यावरून उडी घ्यायची आणि शिरस्त्राणावर वार. पाचवा डाव तर सगळ्या सवयी मोडतो. तलवार म्यानात, शत्रूवर लॉक नाही, तो अगदी जवळ येईपर्यंत गप्प उभं राहायचं आणि मग एकच घाव.

गंमत म्हणजे गेम संपवायला यातला फक्त पहिला डाव लागतो. गॅननडॉर्फचा शेवट त्यानेच होतो. बाकी सहा शिकले नाहीत तरी चालतं. मग धडपड कशाला?

कारण सातवा डाव शिकवल्यावर गुरू मन मोकळं करतो. वीर म्हणून जगलो, पण जे शिकलो ते पुढच्यांना देता आलं नाही, हीच त्याची सल. ती गेली की तो निघून जातो. हा गुरू म्हणजे 1998 च्या 'ओकारिना ऑफ टाइम'चा लिंक, हे 'हायरूल हिस्टोरिया' या पुस्तकाने 2011 मध्ये उघड सांगितलं. जग वाचवून तो परत बालपणात पाठवला गेला, त्यामुळे त्याचा पराक्रम लोकांना कधी कळलाच नाही.

आपल्याकडे म्हणतात, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. हा वस्ताद उलटा. राहून गेलेले डाव देण्यासाठी तो मेल्यावरही थांबलाय. आमच्या आयटीत एखादा सीनियर सोडून जातो, शेवटच्या आठवड्यात घाईघाईने केटी होते आणि निम्मं ज्ञान त्याच्याबरोबर जातं. तेव्हा मला हा सांगाडा आठवतो.

तर खेळणार असाल, तर सातही डाव शिका. शिकणारा आलाच नाही, तर तो तिथेच वाट बघत राहतो ना!

भेटू पुढच्या भागात.