मातृत्व आणि मध्यमवयातील स्त्रीदेह



लग्नातील पोलके पहिल्या बाळंतपणानंतर अंगास होत नाही आणि दुसऱ्यानंतर ते पेटीच्या तळाशी जाते. अमरावती-अकोल्याच्या घराघरांतील हा अनुभव आहे. ‘बाळंतपणाने अंग सुटले’ असे म्हणून घरातील मंडळी मोकळी होतात. परंतु दोष केवळ बाळंतपणाचा आहे काय, याचा विचार अगत्याचा आहे.

मागील पिढ्यांत सहा-सात अपत्यांची माताही बहुधा सडपातळच असे. पहाटेचे दळण, विहिरीचे पाणी आणि सर्वांच्या शेवटी उरलेली भाकरी, यांमुळे देहात संचय होण्यास अवसरच नव्हता. ते आरोग्य नव्हे, पुष्कळदा ती झीज होती; मेळघाटातील अनेक माता ती आजही सोसतात. उलट राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात 2005-06 मध्ये दर स्त्रीमागे 2.7 अपत्ये होती, ती 2019-21 मध्ये 2.0 झाली. त्याच अवधीत 15 ते 49 वयोगटातील अतिवजनाच्या स्त्रिया मात्र शेकडा 12.6 वरून 24 झाल्या. म्हणजे अपत्ये घटली आणि वजन वाढले.

तथापि संबंध आहेच. गर्भारपणी वाढलेले वजन प्रसूतीनंतर पूर्ण उतरले नाही, तर खातेवहीतील मागील बाकीप्रमाणे ते पुढे ओढले जाते आणि पुढील गर्भारपणाचा आरंभ त्या बाकीपासून होतो. स्तनपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत मातेस रोज सुमारे 600 उष्मांक अधिक लागतात. डिंकाचे लाडू, तुपातील शिरा ही त्या गरजेची योजना होय. पुढे दूध सुटते, परंतु आहार तोच राहतो. त्यात ताटात अन्न टाकणे हा दोष मानल्यामुळे मुलांचे उरलेले आईच्या पोटात जाते. मुलांना थोडेच वाढावे. व्रतही पाळले जाईल आणि आईही वाचेल.

चाळिशीनंतर, विशेषतः रजोनिवृत्तीच्या सुमारास, मेद पोटाभोवती साठू लागतो. भारतीय स्त्रीच्या कमरेचा घेर 80 सेंटिमीटरहून अधिक असणे ही धोक्याची सूचना समजली जाते. ज्यांना गर्भारपणी मधुमेह झाला होता, त्यांना पुढे तो कायमचा जडण्याचा संभव कितीतरी अधिक असतो. म्हणून प्रसूती अमरावतीच्या डफरीनमध्ये झालेली असो, अकोल्याच्या लेडी हार्डिंगमध्ये वा खाजगी दवाखान्यात, ते कागद घराच्या खरेदीखताइतकेच जपावेत, वैद्यांस दाखवावेत आणि रक्तातील साखर नियमाने तपासून घ्यावी.

सूर्यास्तापूर्वी भोजनाची परंपरा समाजापाशी आहेच. तिला रोजच्या अर्ध्या तासाच्या चालण्याची जोड द्यावी. त्यासाठी सुनेस वेळ मिळावा, ही सासूची व पतीचीही जबाबदारी आहे. पर्युषणात जी देहाचा इतका निग्रह करते, तिला वर्षभर स्वतःच्या देहाची काळजी घेण्याची मुभा घराने द्यावी. जिने कुळ वाढविले, तिच्या वाढलेल्या वजनाची थट्टा होऊ नये. तिची चौकशी व्हावी.

जय जिनेंद्र.