नळ कुणी पुसायचा?

श्रोतेहो, गोदाकाठच्या माणसाला पितळेची ओळख करून द्यावी लागत नाही. पंचवटीत रामकुंडाकडून काळाराम मंदिराकडे चालत गेलात, तर दुकानांतून तांब्याचे गडू, पळी-पंचपात्र, ताम्हनं मांडलेली दिसतात. यात्रेकरू गडूत गोदेचं पाणी भरून गावी नेतात. नदीपलीकडे जुन्या नाशकात भांडी बाजार आहे, तांबट लेन आहे. आज मात्र मला बोलायचं आहे ते याच पितळेच्या एका शहरी अवताराबद्दल, म्हणजे स्वयंपाकघरातल्या नळाबद्दल. कवी माणसानं नळावर काय बोलावं, असं तुम्हाला वाटेल. पण नवं घर लावताना कवीलाही नळ लागतोच.

दुकानात चकचकीत, मंद, सोनेरी, काळे, गुलाबीसर असे दहा तऱ्हांचे नळ टांगलेले असतात. चांगल्या कंपनीचे बहुतेक नळ आतून पितळेचेच. दिसतो तो वरचा मुलामा. आपली भाषा मुलाम्याला 'पाणी' म्हणते. सोन्याचं पाणी दिलेल्या बांगड्या आपण म्हणतोच की. नळाच्या बाबतीत गंमत अशी, की या पाण्याचा मुख्य वैरी पाणीच असतो.

पूर्वी पितळी पातेल्याला कल्हई व्हायची. भाता, नवसागर, कथलाची कांडी आणि तो पांढरा धूर पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांना आठवत असेल. ती कल्हई आतून असायची, कारण आंबट आमटी पितळेत कळकू नये. म्हणजे तो लेप जेवणाऱ्यासाठी होता. नळाचा मुलामा बाहेरून असतो, तो बघणाऱ्यासाठी. म्हणून आपण डोळ्यांनीच निवड करून मोकळे होतो.

मागच्या वर्षी मुलानं मखमलाबाद रोडला फ्लॅट घेतला. नळ बघायला दुकानात आम्ही तिघे पुरुष गेलो : मुलगा, इंटिरिअरवाला आणि मी. मुलगा म्हणाला, "अब्बा, काळा घेऊ या, हल्ली तोच चालतो." इंटिरिअरवाल्याला सोनेरी हवा होता. मी म्हटलं, हा नळ रोज पुसणार कोण? दोघांनीही उत्तर दिलं नाही. पुसणाऱ्या घरी होत्या. माझी बायको, जिची बोटं संधिवातानं सुजतात, आणि सून, जी सकाळी आठला नोकरीवर जाते.

दुसऱ्या खेपेला सूनबाई आली ती बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत सोसायटीच्या टाकीतलं पाणी घेऊन. तिनं दुकानदाराकडून तीन नमुने मागून घेतले, त्यांवर चार-चार थेंब टाकले आणि म्हणाली, चला, चहा घेऊन येऊ. परत आलो तेव्हा थेंब वाळले होते. काळ्यावर पांढरी कडी उमटलेली. चकचकीत क्रोमवर तिरकं पाहिलं की दिसणारे डाग. आणि ब्रश फिरवल्यासारख्या बारीक रेघांच्या मंद स्टीलवर जवळजवळ काहीच नाही. मी इतकी वर्षं कवितेत पाण्याबद्दल लिहितो आहे, पण पाण्याची अशी परीक्षा मला सुचली नसती.

ही कडी म्हणजे चुना, पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. नाशिकला महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं, ते बोअरच्या मानानं सौम्य. पण कित्येक सोसायट्यांच्या टाकीत दोन्ही एकत्र होतात आणि उन्हाळ्यात टँकरचीही भर पडते. तेव्हा घर पंचवटीत आहे एवढ्यावर न जाता तुमच्या टाकीत काय येतं ते आधी पाहा.

आता एकेका मुलाम्याविषयी थोडं. क्रोम सगळ्यांत जुनं आणि खात्रीचं. १९२०च्या दशकापासून ते बाजारात रुळलं. त्याचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. पितळेचं खरं रक्षण त्याखालचा निकेलचा जाड थर करतो. स्वस्त नळाचं क्रोम पोपडे धरतं, कारण बहुधा निकेलमध्ये किंवा खालच्या धातूतच काटकसर केलेली असते. स्टेनलेस स्टीलच्या नळाला मुलामाच नाही, त्यामुळे निघायचं काही नाही. सोनेरी आणि काळ्या रंगात दोन जाती आहेत. एक नुसता रंग किंवा पावडर भाजून बसवलेली. दुसरी पीव्हीडी, म्हणजे निर्वात पेटीत धातूची वाफ करून चढवलेला कठीण थर. ही महाग पडते, पण ओरखड्याला दाद देत नाही. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून दुकानदाराला नाव घेऊन विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

मुलामा न दिलेली पितळ हा वेगळाच मामला. मशिदीत वजूच्या जागी ओळीनं पितळी तोट्या असत. बोटं लागतात तिथं त्या सोन्यासारख्या उजळ आणि बाकी काळवंडलेल्या. मला ते फार आवडायचं. पण ती शेकडो हातांची झिलई. चार माणसांच्या घरात तीच चमक हवी, तर चिंच घेऊन कुणाला तरी बसावं लागेल.

रंग जुळवणं हाही भाग आहेच, पण तो मी वेगळ्या कारणानं मानतो. अम्मी ऐंशीच्या पुढची, डोळ्यांत मोतीबिंदू. आमचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा. त्यावर काळा नळ म्हणजे तिला चाचपडणं आलं. रमजानमध्ये सहेरीला ती सगळ्यांच्या आधी उठते आणि पोरांची झोप मोडू नये म्हणून मोठा दिवा लावत नाही. पॅसेजच्या उजेडात नळ दिसायला हवा. फिकट ओटा असेल तर काळा नळ उलट उठून दिसेल, त्याला माझी हरकत नाही. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांवर मात्र जाऊ नका; नमुना दारात, दिवसाच्या उजेडात नेऊन पाहा.

शेवटी मंद स्टीलचा, एका दांडीचा नळ आला. ती दांडी मनगटानंही ढकलता येते, बायकोच्या बोटांना त्रास नाही. मुलगा जरा हिरमुसला. त्याला मी बाथरूममध्ये काळा लावायची मुभा दिली, पुसायच्या अटीवर. सध्या तो दर रविवारी पुसतो.

नळ कुठलाही असो, त्याला तारेची घासणी लावू नका. फरशीचं ॲसिड तर मुळीच नको, क्रोम त्यात विरघळतं. चुना चढलाच तर पाणी घातलेला व्हिनेगर फडक्यानं लावून लगेच धुऊन टाका. खरं तर रात्री ओटा आवरल्यावर कोरडं फडकं एकदा फिरवलं तरी पुष्कळ काम होतं.

आणखी एक. मुलामा बाहेर असतो, पाणी आतून जातं. कातायला सोपी जावी म्हणून नळाच्या पितळेत पुष्कळदा थोडं शिसं मिसळलेलं असतं. अमेरिकेत २०१४पासून पिण्याच्या पाण्याच्या नळात पाण्याला लागणाऱ्या भागांत शिशाचं प्रमाण सरासरी पाव टक्क्याच्या आत असावं लागतं. आपण एवढं तरी करू शकतो, की रात्रभर नळात थांबलेलं पहिलं पाणी प्यायला वा चहाला घ्यायचं नाही. आमच्याकडे ते तांब्याभर पाणी गॅलरीतल्या तगरीला जातं.