पडद्यांमधील खुणा

तंतुवाद्याच्या दांडीवर जडविलेले शुभ्र ठिपके पाहणाऱ्यास केवळ शोभेचे वाटतात. वादकास मात्र ते वाटेवरील मैलाच्या दगडांसारखे उपयोगी पडतात. दांडीवर आडवे पडदे बसविलेले असतात व दोन पडद्यांमध्यें एकेक घर असतें. खुंट्यांकडून मोजीत गेल्यास हव्या त्या घरीं बोट पोंचतें. पण वाजवितांना मोजावयास सवड कोठून असणार? म्हणून ह्या खुणा.

इ. स. १८७९ च्या ऑगस्ट महिन्यांत मादेरा बेटावरील पोर्तुगीज मजुरांना घेऊन एक जहाज होनोलुलूस आलें. त्यांतील कांहीं कारागिरांनीं आपल्याकडील मशेत नांवाच्या लहान वाद्यावरून हवाई बेटांत युकुलेली घडविली. दिसण्यांत ती गिटारची धाकटी बहीण. परंतु दोघींच्या खुणा सारख्या नसतात. गिटारवर बहुधा तिसऱ्या, पांचव्या, सातव्या, नवव्या व बाराव्या घरांत ठिपके असतात. युकुलेलीवर बहुधा पांचव्या, सातव्या, दहाव्या व बाराव्या. मँडोलिनवरही बहुधा दहावेंच घर आढळतें.

मोकळी तार षड्ज मानली, तर बाराव्या घरीं तार अर्धी होऊन तारषड्ज निघतो. सातव्या घरीं सुमारें दोनतृतीयांश तार उरून पंचम, व पांचव्या घरीं सुमारें तीनचतुर्थांश उरून शुद्ध मध्यम. ह्या खुणा दोन्ही वाद्यांस समान आहेत. नऊ कीं दहा, हा मात्र रूढीचा प्रश्न. गिटारवर हात बसलेला वादक युकुलेली घेतो, बाराव्याच्या अलीकडील ठिपका नववा समजतो, आणि शुद्ध धैवताच्या जागीं कोमल निषाद उमटतो!

ह्यावर उपाय सोपा आहे. बाराव्या घरांत बहुधा दोन ठिपके असतात. तें घर प्रथम शोधावें. त्याच्या अलीकडील ठिपका दोन घरांवर असेल तर तो दहावा. तीन घरांवर असेल तर नववा.

सतारीचे पडदे रागाप्रमाणें सरकवितां येतात. तेथें कायमचे ठिपके उलट फसवितील. अभिजात गिटारच्या दर्शनी बाजूसही परंपरेनें ठिपके नसतात. क्वचित् दांडीच्या कडेस एखादा बारीकसा असतो. तरीही ह्या वाद्यांचे वादक अडत नाहींत, कारण रियाजानें त्यांचा कान तयार झालेला असतो. नवशिक्यानें ठिपक्याचा आधार अवश्य घ्यावा. मात्र स्वर बरोबर लागला कीं नाहीं, हें कानासच विचारावें.