‘रोवणे’ चालवून पाहा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



शाळेत संस्कृतच्या तासाला गुरुजींनी ‘धातू चालवा’ म्हटले की आमचा अख्खा वर्ग एका सुरात ‘गच्छति गच्छतः गच्छन्ति’ म्हणू लागायचा. अर्थाकडे कोणाचे लक्ष नसे. चाल मात्र पक्की बसली होती. पुढे मी स्पॅनिश शिकले, आता शिकवते. तिथेही पहिल्या महिन्यात हेच करावे लागते. क्रियापद घ्यायचे आणि चालवायचे. माझे विद्यार्थी यालाच सर्वांत जास्त कंटाळतात.

गेल्या पावसाळ्यात मी माहेरी, साकोली तालुक्यातल्या आमच्या गावी गेले होते. पऱ्हे तयार होते, पण पावसाने दडी मारल्यामुळे रोवणी खोळंबली होती. घरात सगळेच आभाळाकडे बघत बसलेले. माझी भाची बारावीत आहे. मोबाईलवर बघून बघून ती स्पॅनिश शिकते. तिने वही पुढे केली. वहीत एकच क्रियापद पानभर चालवलेले होते : ‘प्लांतार’, म्हणजे लावणे, रोवणे. मला म्हणाली, “आत्या, एका क्रियापदाची एवढी रूपं कशाला? आपल्या मराठीत नाही बा अशी भानगड.”

मी म्हटले, “आपली कधी मोजलीस?” मग त्या रिकाम्या दुपारी आम्ही दोघींनी ‘रोवणे’ चालवायला घेतले. आज तुम्हाला तीच दुपार सांगणार आहे.

आधी स्पॅनिशचे बघू. स्पॅनिश क्रियापदांचे मूळ रूप आर, एर किंवा ईर यांपैकी एका प्रत्ययाने संपते. ‘प्लांतार’ पहिल्या गटातले आणि अगदी नियमित. वर्तमानकाळात ते असे चालते : मी प्लांतो, तू प्लांतास, तो किंवा ती प्लांता, आम्ही प्लांतामोस, तुम्ही प्लांताइस, ते प्लांतान. शेवट ऐकला की कोण रोवते आहे ते कळते. म्हणून ‘मी’, ‘तू’ हे शब्द बहुतेक वेळा गाळले जातात. भूतकाळ दोन आहेत. काम करून मोकळे झालो तर ‘प्लांते’, मी रोवले. पूर्वी नेहमी करत असू किंवा काम चालू होते असे सांगायचे असेल तर ‘प्लांताबा’, मी रोवत असे. भविष्यकाळ ‘प्लांतारे’, आणि ‘रोवले असते’ अशा अर्थाचे ‘प्लांतारीआ’. या झाल्या पाच रूपावल्या, प्रत्येकी सहा रूपे, म्हणजे तीस. हे सगळे आपल्या व्याकरणातल्या स्वार्थासारखे. जे घडते, घडले, घडेल, ते सांगणारे.

भाचीचे अडले होते त्यापुढे. इच्छा, शंका, आर्जव, अट यांसाठी स्पॅनिशमध्ये वेगळी रूपे आहेत. तिथे स्वरांची अदलाबदल होते. आर गटातल्या क्रियापदात ‘आ’च्या जागी ‘ए’ येतो आणि उरलेल्या दोन गटांत ‘ए’च्या जागी ‘आ’. ‘तू रोवतोस’ला ‘प्लांतास’, पण ‘तू रोवावेस असे मला वाटते’ म्हणताना ‘प्लांतेस’. ती म्हणाली, “हे डोक्यात शिरतच नाही.” मी विचारले, “आजी सकाळी देवापुढे काय म्हणाली?” “पाऊस येवो म्हणाली.” “बाबा काय म्हणाले?” “पाऊस येता तर रोवणी होती.”

आता बघा. ‘येवो’ हे ‘येतो’ नाही, ‘येईल’ही नाही. पाऊस आलेला नाही आणि येईलच याची खात्री नाही, फक्त मनात आहे. म्हणून रूप बदलले. ‘येता तर’ म्हणजे आला नाही, ही त्यातली हळहळ. आपल्या शालेय व्याकरणात यांची नावे आहेत : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. रोवतो, रोव, रोवावे, रोवता तर. फरक असलाच तर इतका की अटीच्या वाक्यात आपण ‘येता’ आणि ‘होती’ अशी दोन्हीकडे एकाच साच्याची रूपे वापरतो, तर स्पॅनिशमध्ये ‘तर’च्या अलीकडे एक रूपावली आणि पलीकडे दुसरी. जी गोष्ट भाचीच्या डोक्यात शिरत नव्हती, ती घरात सकाळपासून दोनदा बोलून झाली होती.

मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली प्रसिद्ध झाले. त्यात क्रियापदाच्या रूपांना ‘ताख्यात’, ‘लाख्यात’, ‘वाख्यात’ अशी नावे भेटतात. परीक्षेला बसणारी मुले ती ऐकून घाबरतात. पण त्यातली युक्ती साधी आहे. रूपाला काळाचे नाव न देता प्रत्ययाचे द्यायचे. कारण काळ फसवतो. ‘मी उद्या येतो’ म्हणताना रूप वर्तमानाचे, काम उद्याचे. ‘आलोच’ म्हणणारा अजून घरातच असतो!

आता आपली एक खोड. स्पॅनिश क्रियापद बाई-पुरुष बघत नाही. आपण बघतो : तो रोवतो, ती रोवते. पण भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याकडे पाठच फिरवते. पऱ्हा रोवला, रोपे रोवली, धान रोवले. तिने रोवले, त्याने रोवले, चाळीस बायांनी रोवले, रूप तेच. ते धानाप्रमाणे बदलते. स्पॅनिशमध्ये मात्र ‘प्लांतारोन’ म्हटले की ‘त्यांनी’ हे आतच आले. आमच्याकडे मजुरीच्या हिशेबात कोण कोण आले होते ते वेगळे लिहावे लागते.

एवढे होईतो ओसरीवरून आईचा आवाज आला, “का करून राहिल्या दोघी?” ‘का’ म्हणजे आमच्याकडे ‘काय’. भाची आजीला म्हणाली, “अभ्यास करून राहिली.” आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणाली, “म्हणजे, करत आहे.”

मी विचारले, “हे मला कशाला सुधारून सांगितलंस?” तर म्हणाली, वर्गात हसतात. ‘करून राहिली’ चूक, ‘तो येईन’ चूक, ‘मी गेली’ चूक. त्यामुळे ती वर्गात उभी राहून बोलतच नाही. उत्तर येत असले तरी हात वर करत नाही.

श्रोतेहो, मला माझे दिवस आठवले. शिकायला मोठ्या शहरात गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी ‘काल मी उशिरा आली’ म्हणाले आणि वर्ग हसला. त्यानंतर जवळजवळ एक वर्ष मी आधी मनात वाक्य जुळवून, तपासून, मगच तोंड उघडत असे. तोवर विषय पुढे गेलेला असायचा. त्या वर्षात मी किती गोष्टी बोलायच्या ठेवल्या, त्याचा हिशेब कुठल्याच गुणपत्रिकेत नाही.

आता ज्यांना चूक म्हटले गेले ती रूपे स्पॅनिशशेजारी ठेवून बघू या.

पहिले, ‘करून राहिली’. चालू असलेली क्रिया सांगायला आम्ही ‘राहणे’ घेतो. स्पॅनिशमध्ये ‘मी रोवते आहे’साठी ‘एस्तोय प्लांतांदो’ म्हणतात. त्यातले ‘एस्तार’ हे क्रियापद लॅटिनमधल्या ‘उभे असणे’ अशा अर्थाच्या क्रियापदावरून आले. कोणी उभे राहून क्रिया चालू ठेवतो, कोणी नुसते राहून. युक्ती एकच.

दुसरे, ‘तू जातोस’ ऐवजी ‘तू जातो’. शेवटचा ‘स’ गेला आणि ‘तू’चे रूप ‘तो’सारखे झाले. स्पेनच्या दक्षिणेला अंदालुसियात, तसेच क्युबा, पोर्तो रिको या बेटांवर बोलताना शेवटचा ‘स’ असाच विरतो. ‘प्लांतास’चे ऐकू येते ‘प्लांता’, म्हणजे ‘तू’चे रूप ‘तो’सारखे. हजारो मैलांवर गळालेला ‘स’ही तोच!

तिसरे, ‘पाऊस येईन’. ‘मी येईन’ आणि ‘तो येईन’ सारखेच झाले, मग कळणार कसे, असे विचारतात. प्रमाण स्पॅनिशमध्येसुद्धा ‘मी रोवत असे’ आणि ‘तो रोवत असे’ या दोन्हींना ‘प्लांताबा’ हे एकच रूप आहे. वीस देशांची ती राजभाषा आहे, आणि त्यामुळे कोणाचे काही अडलेले नाही. बोलण्याच्या ओघात कळते, नाही तर ‘मी’ जोडायचे.

चौथे, ‘मी गेली’. प्रमाण मराठीत बाई स्वतःबद्दल ‘गेले’ म्हणते, मैत्रिणीबद्दल ‘गेली’. आम्ही मी, तू, ती तिघींना ‘गेली’ म्हणतो. नियम मोडला नाही, उलट सरळ केला.

आमच्या या भागातली बोली म्हणजे झाडीबोली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत ती बोलतात. यातली काही रूपे वऱ्हाडातही सापडतील. डोळ्याला ‘डोरा’ म्हणणारी ही बोली अडाण्यांची म्हणून हसण्यावारी नेली जात असे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचा अभ्यास केला, शब्दकोश तयार केला, तिच्यात लिहिणाऱ्यांना एकत्र आणले. त्यांच्या कामामुळे निदान एवढे झाले की झाडीबोली हा अभ्यासाचा विषय आहे, असे आता मोकळेपणाने म्हणता येते.

अर्जेंटिनाचेही उदाहरण सांगण्यासारखे आहे. तिथे ‘तू’साठी ‘तू’ न म्हणता ‘वोस’ म्हणतात. होय, स्पॅनिशमध्येही ‘तू’ला ‘तू’च! आणि क्रियापद चालवतात ‘प्लांतास’च, पण जोर शेवटच्या अक्षरावर. शाळेत पिढ्यान् पिढ्या ही चूक समजली गेली. मुले घरी एक बोलत आणि वहीत दुसरे लिहीत. शेवटी 1982 साली अर्जेंटिनाच्या साहित्य अकादमीने ‘वोस’ला मान्यता दिली. माद्रिदची रॉयल स्पॅनिश अकादमी 1713 सालची. तिच्या शब्दकोशात आज क्रियापद उघडले की ‘तू’ आणि ‘वोस’ यांची रूपे शेजारी शेजारी छापलेली दिसतात. त्यामुळे स्पॅनिश भाषा काही बिघडली नाही.

कोणी म्हणेल, मग परीक्षेत ‘तो येईन’ लिहायचे का? नाही. प्रमाणभाषा आलीच पाहिजे. अर्ज, पेपर, मुलाखत तिच्यात होते, आणि ती न आल्याचा तोटा खेड्यातल्या मुलांनाच सोसावा लागतो. माझे म्हणणे शिकवण्याच्या पद्धतीपुरते आहे. मूल ‘मी गेली’ म्हणाले तर ‘चूक’ म्हणून खाली बसवू नका. फळ्यावर दोन रकाने करा. एकात ‘घरी’, दुसऱ्यात ‘पेपरात’. पहिला रकाना मुलांना भरू द्या, तो त्यांना तुमच्यापेक्षा चांगला येतो. मग दुसरा तुम्ही भरा. ज्याला एक रूपावली आपली म्हणून ओळखता येते, त्याला दुसरी लवकर येते. स्पॅनिश शिकवताना मला याचा अनुभव येतो.

त्या दुपारी भाचीने असेच दोन रकाने केले. ‘घरी’च्या रकान्यात तिने लिहिले, ‘मी रोवून राहिले’. मी ते मोठ्याने वाचले. आई कधी शाळेत गेलेली नाही. तांदूळ निवडता निवडता मान वर न करता ती म्हणाली, “राहिले नाही, राहिली. असं कोण बोलते आपल्याकडे?”

भाची क्षणभर बघत राहिली आणि मग हसायला लागली. बारा वर्षांत पहिल्यांदा तिच्या बोलीत कोणी चूक काढली होती. आणि चूक निघाली म्हणजे नियम होता. तो आजीला माहीत होता.

चौथ्या दिवशी पाऊस आला. बांध्यांमध्ये पाणी साचले, चिखलणी झाली, बाया रांगेत वाकून एकेक पाऊल मागे सरत रोवू लागल्या. भाची धुऱ्यावर उभी होती. तिने फोनवर मैत्रिणीला सांगितले, “रोवून राहिल्या सगळ्या. पाऊस येईन अजून.” या वेळी तिने माझ्याकडे वळून काही सुधारले नाही.

शाळा सुरू झाल्यावर तिने वर्गात हात वर केला की नाही, हे मी अजून तिला विचारलेले नाही. दिवाळीत जाईन, तेव्हा विचारीन.