मोटारीतील टेलिफोन : सर्वांच्या लहरींची गोष्ट
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त सिलतरा येथे दिलेले भाषण)



रायपूर-बिलासपूर मार्गावरून सिलतऱ्याकडे वळणाऱ्या ट्रकांची रांग येथील प्रत्येक मुलाच्या परिचयाची आहे. कोणी कोरब्याचा कोळसा घेऊन येतो, कोणी स्पंज आयर्नच्या कारखान्यासाठी लोहखनिज आणतो, तर कोणी तयार लोखंड भरून नागपूरच्या दिशेने निघतो. त्या प्रत्येक चालकाजवळ आज टेलिफोन असतो. कारखान्याच्या फाटकाशी पोहोचल्याची वर्दी तो मालकाला देतो आणि पुढच्याच क्षणी शेकडो कोस दूर असलेल्या आपल्या घरी मुलीच्या तापाची चौकशी करतो. याचे कोणालाही नवल वाटत नाही. परंतु धावत्या मोटारीतून टेलिफोनवर बोलण्याची सोय सर्वसामान्य ग्राहकांसाठी सुरू झाली, तेव्हा एका मोठ्या शहरात एका वेळी अवघी तीन संभाषणे होऊ शकत होती. तीनांवरून कोट्यवधींपर्यंतचा हा प्रवास कसा झाला, हे समजून घेणे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला जितके उपयोगाचे, तितकेच समाजात राहणाऱ्या प्रत्येकाला बोधप्रद आहे.

टेलिफोन म्हणजे तार, हे समीकरण अनेक दशके अढळ होते. घराला तार जोडता येते. धावत्या गाडीला कशी जोडणार? स्वीडनमधील टेलिफोन-उद्योगाचे प्रवर्तक लार्स मॅग्नस एरिक्सन यांच्याविषयी एक हकिकत सांगितली जाते. निवृत्तीनंतर, १९१०च्या सुमारास, ते पत्नी हिल्डा यांच्यासह मोटारीने फिरत. रस्त्याकडेच्या खांबांवरून टेलिफोनच्या तारा गेलेल्या दिसल्या की गाडी थांबवून लांब काठ्यांच्या साह्याने आपला टेलिफोन त्या तारांना जोडायचा, हँडल फिरवायचे आणि ऑपरेटरला हाक द्यायची. मोटारीत टेलिफोन आला खरा. पण बोलण्यासाठी मोटार थांबवावी लागे.

चालत्या गाडीसाठी रेडिओलहरींवाचून गत्यंतर नव्हते. १९२८मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी आपल्या गस्तीच्या मोटारींत रेडिओ बसवले. मात्र ते केवळ ऐकण्याचे होते. ठाण्याचा हुकूम गाडीत ऐकू येई. उत्तर द्यायचे तर शिपायाला उतरून जवळचा टेलिफोन गाठावा लागे. दोन्ही बाजूंनी बोलता येणारे पोलिसी रेडिओ त्यानंतर काही वर्षांनी आले. तथापि, घरोघरच्या टेलिफोनशी त्यांचा संबंध नव्हता. तो संबंध जुळला १७ जून १९४६ रोजी, अमेरिकेतील सेंट लुईस या शहरात. तेथे बेल कंपनीने सर्वसामान्य ग्राहकांसाठी मोटारीतील टेलिफोनची सेवा सुरू केली.

त्या टेलिफोनचे रूप आजच्या मुलांनी डोळ्यांसमोर आणून पाहावे. सारा संच मिळून सुमारे ३६ किलो वजनाचा. लहरी पाठवणारा प्रक्षेपक आणि त्या टिपणारे ग्राहकयंत्र यांच्या जड पेट्या मोटारीच्या डिकीत बसवलेल्या. त्यांत जुन्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह. तेथून निघालेली तार पुढे चालकाच्या समोर येई आणि तेथे एका आकड्यावर टेलिफोनचा रिसीव्हर लटकत असे. जवळच एक छोटा दिवा आणि घंटी. ॲन्टेना मोटारीच्या बाहेर. ही सारी यंत्रणा मोटारीच्याच बॅटरीवर चाले आणि तिची भूकही मोठी होती. युरोपात नंतर आलेल्या अशाच संचांबद्दल गमतीने म्हटले जाई की, यावरून दोनच कॉल करता येतात : पहिला ज्याच्याशी बोलायचे त्याला आणि दुसरा बॅटरी उतरल्यामुळे गाडी ओढून नेणाऱ्याला!

बोलण्याची रीत अशी होती. चालकाने रिसीव्हर उचलायचा आणि आधी ऐकायचे. वाहिनीवर दुसऱ्या कोणाचे बोलणे चालू असेल, तर मुकाट्याने रिसीव्हर खाली ठेवायचा. वाहिनी मोकळी असेल, तर बटण दाबून ऑपरेटरला बोलवायचे, आपला क्रमांक सांगायचा, हवा असलेला क्रमांक सांगायचा. ऑपरेटर तो शहराच्या तारांच्या जाळ्याशी जोडून देई. म्हणजे गाडीपासून केंद्रापर्यंत लहर आणि केंद्रापासून पुढे नेहमीचीच तार. बोलताना रिसीव्हरवरील बटण दाबून धरायचे, ऐकताना सोडायचे. दोघांनी एकदम बोलण्याची सोयच नव्हती. एकाचे पुरे झाल्याखेरीज दुसऱ्याला तोंड उघडता येत नसे.

उलट दिशेने, म्हणजे घरून मोटारीला टेलिफोन करायचा असेल, तर तोही ऑपरेटरमार्फतच. ऑपरेटर त्या मोटारीच्या क्रमांकाचे संकेत लहरींवरून सोडी. परिसरातील सर्व मोटारींचे संच ते संकेत ऐकत. परंतु ज्याचा क्रमांक जुळे त्याचीच घंटी वाजे आणि दिवा लागे. आणखी एक अडचण होती. शहराच्या मध्यावरील केंद्राचा प्रक्षेपक बलवान, म्हणून त्याचा आवाज दूरवर पोहोचे. मोटारीतील प्रक्षेपक मात्र अशक्त. त्यासाठी शहरात ठिकठिकाणी नुसती ऐकणारी ग्राहकयंत्रे उभारून ती तारांनी केंद्राशी जोडली होती. मोठ्याचा आवाज सर्वांना ऐकू जातो, लहानाचा ऐकायचा तर कान जवळ न्यावा लागतो, हे शाळेत वेगळे सांगायला नकोच.

ही सेवा वापरणारे कोण होते? वीज आणि गॅस यांची दुरुस्ती करणारी पथके, ट्रकांचे ताफे चालवणारे मालक, बातमीदार. भाडे महिन्याला १५ डॉलर आणि शिवाय प्रत्येक स्थानिक कॉलला ३० ते ४० सेंट. १९४८पर्यंत अमेरिकेत जवळजवळ शंभर शहरांत आणि काही महामार्गांवर ही सेवा पोहोचली. सुमारे ५,००० ग्राहक आठवड्याला ३०,००० कॉल करू लागले. स्वीडनमध्ये १९५६ साली स्टॉकहोम आणि गोथेनबर्ग येथे ऑपरेटरवाचून चालणारी सेवा सुरू झाली. तेथील संच ४० किलोंचा. तिच्या पहिल्या ग्राहकांत रुग्णांच्या घरी जाणारा एक डॉक्टर आणि चाकांवरची एक फिरती बँक होती. पश्चिम जर्मनीने १९५८मध्ये, तर ब्रिटनने १९५९मध्ये दक्षिण लँकेशायरमध्ये अशी सेवा आणली. ज्याचे काम फिरतीचे आणि ज्याच्या विलंबाने दुसऱ्याचे नुकसान होते, त्याला या टेलिफोनची खरी गरज होती.

त्या काळातील भारत आजच्या आजी-आजोबांना आठवत असेल. येथे घरचा टेलिफोन हीच अपूर्वाई. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहायची. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे दर चढते होते. ऑपरेटरवाचून थेट परगावचा क्रमांक फिरवण्याची सोय देशात प्रथम १९६०मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यात झाली. ट्रकचालक घरून निघाला की परत येईपर्यंत त्याची खुशाली पोस्टकार्डावर अवलंबून असे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. एवढी उपयुक्त वस्तू श्रीमंत देशांतही मूठभरांचीच का राहिली? किंमत हे एक कारण होतेच. परंतु त्याहून मोठे कारण होते लहरींची टंचाई. दोन संभाषणे एकाच वाहिनीवर, एकाच परिसरात झाली तर दोन्ही बिघडतात. म्हणून प्रत्येक संभाषणाला स्वतंत्र वाहिनी हवी आणि अशा वाहिन्या सेंट लुईसच्या सेवेला जेमतेम तीन मिळाल्या होत्या. उंचावरील एका बलवान प्रक्षेपकाने सारे शहर आणि भोवतालचा मुलूख व्यापलेला. म्हणजे एका कोपऱ्यातल्या एकाने वाहिनी घेतली की ती साऱ्या शहराला बंद.

१९६०नंतर यंत्रे सुधारली. १९६४-६५च्या सुमारास अमेरिकेत आलेल्या नव्या सेवेत ग्राहक स्वतः क्रमांक फिरवू लागला, बटण दाबून धरण्याचा त्रास गेला, दोघांना एकाच वेळी बोलता येऊ लागले. मोकळी वाहिनी शोधण्याचे कामही यंत्रच करू लागले. केंद्र एका रिकाम्या वाहिनीवर खुणेचा सूर सोडी आणि शहरातील सर्व स्वस्थ संच त्या सुरावर येऊन थांबत. जर्मनीत १९७२मध्ये आलेल्या सेवेतही ऑपरेटर नव्हता. मात्र मोटार कोणत्या विभागात आहे हे माहीत असेल, तरच बाहेरच्याला तिला टेलिफोन करता येई. थोडक्यात, ज्याचा ठावठिकाणा विचारायचा, त्याचा ठावठिकाणा आधीच ठाऊक हवा!

यंत्र सुधारले तरी टंचाई तशीच राहिली. न्यूयॉर्क शहरात २,००० ग्राहकांना मिळून १२ वाहिन्या होत्या. एका वाहिनीमागे १६०हून अधिक माणसे! एक कॉल लागण्यासाठी अर्धा तास थांबावे लागे. नवे ग्राहक घेणेच मग मर्यादित करावे लागले. विद्यार्थ्यांनी येथे लक्ष द्यावे : वस्तू अधिक सुबक झाली, अधिक सोपी झाली, पण ती अधिकांची झाली नाही. त्यासाठी यंत्राऐवजी वाटपाची रीत बदलायला हवी होती.

ती रीत १९४७ सालीच बेल प्रयोगशाळेतील डी. एच. रिंग यांनी एका टिपणात मांडली होती. शाळेचेच उदाहरण घेऊन ती समजून घेता येईल. पटांगणाच्या मध्यभागी एकच मोठा ध्वनिक्षेपक लावला, तर एका वेळी एकच शिक्षक शिकवू शकेल. त्याऐवजी मुलांना वर्गखोल्यांत बसवले आणि प्रत्येक शिक्षक आपल्या वर्गापुरत्या आवाजात बोलला, तर एकाच तासाला सारी शाळा शिकते. लगतच्या वर्गांचा एकमेकांना थोडा अडथळा होईल. पण दोन खोल्या सोडून पलीकडे तोच धडा, त्याच आवाजात चालू शकतो. रिंग यांची कल्पना हीच. शहरावर एकच बलवान प्रक्षेपक ठेवण्याऐवजी शहराचे लहान लहान विभाग करावेत. प्रत्येक विभागात कमी शक्तीचा प्रक्षेपक असावा. शेजारच्या विभागांना वेगवेगळ्या वाहिन्या द्याव्यात आणि थोड्या अंतरावर त्याच वाहिन्या पुन्हा वापराव्यात. मोटार एका विभागातून दुसऱ्यात गेली की संभाषण न तुटता पुढच्या केंद्राच्या हाती सोपवावे. या लहान विभागांना पेशी, म्हणजे 'सेल' म्हणतात. 'सेल्युलर फोन' हे नाव त्यावरूनच आले.

ही कल्पना कागदावरून रस्त्यावर यायला तीन दशके लागली. धावत्या मोटारीचे संभाषण क्षणार्धात एका केंद्राकडून दुसऱ्याकडे सोपवण्यासाठी संगणक लागतो आणि त्या कामाजोगा संगणक तेव्हा नव्हता. लहरींचे वाटप करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या निर्णयालाही वेळ लागला. अखेर १९७९मध्ये टोकियोत, १९८१मध्ये स्कँडिनेव्हियात आणि १९८३मध्ये शिकागोत ही सेवा लोकांसाठी खुली झाली. टोकियोतील सेवा तर मोटारीतील टेलिफोनचीच होती. खिशातला फोन त्यानंतरचा. आजचा मोबाइल हा असा मोटारीच्या डिकीतून उतरून हातात आला आहे.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला. तेव्हा एका मिनिटाला १६ रुपयांच्या आसपास खर्च येई आणि आलेला कॉल घेणाऱ्यालाही पैसे मोजावे लागत. २००३मध्ये येणारे कॉल विनामूल्य झाले आणि ज्याला कॉल करणे परवडत नव्हते, त्यालाही निदान कॉल घेणे परवडू लागले. ट्रकचालकाच्या खिशात फोन आला तो त्यानंतर. सेंट लुईसच्या त्या तीन वाहिन्यांपासून सिलतऱ्याच्या रस्त्यापर्यंत यायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

या इतिहासातून दोन गोष्टी घरी न्याव्यात. पहिली ही की, थोडे असलेले सर्वांना पुरवायचे असेल, तर प्रत्येकाने आपला आवाज आपल्या गरजेपुरता ठेवावा लागतो. मोठ्या आवाजाने आकाश अडते. लहान आवाजांनी ते सर्वांचे होते. पाणी, वीज, रस्ता, ग्रंथालयातील पुस्तक, सर्वांना हाच न्याय लागू आहे. दुसरी गोष्ट त्या जुन्या चालकाच्या सवयीची : रिसीव्हर उचलल्यावर आधी ऐकायचे, मग बोलायचे. यंत्राने ती सक्ती काढून टाकली; माणसाने ती सवय सोडण्याचे कारण नाही.

आणि एक विनंती आहे. वाहन चालवताना हातात धरून फोन वापरणे हे २०१९च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने धोकादायक वाहनचालनात गणले आहे. आपले वडील, काका, दादा रस्त्यावर आहेत हे ठाऊक असताना फोन केला आणि तो उचलला गेला, तर विद्यार्थ्यांनो, पहिले वाक्य एवढेच असावे, "गाडी बाजूला घ्या, मग बोला." शंभर वर्षांपूर्वी एरिक्सन यांना तारेसाठी गाडी थांबवावी लागली. आज जिवासाठी ती थांबवावी. घरी वाट पाहणाऱ्यांना कॉलपेक्षा माणूस सुखरूप पोहोचलेला हवा असतो.