शीव कोणी आखली?

(माणदेशातील एका गावी बाजारच्या दिवशी केलेले भाषण)



आज बाजार आहे, तुमचा खोळंबा करावा अशी आमची इच्छा नाही. विषयाचे नाव मात्र जड आहे. सरकार विकासाची योजना आखते तेव्हा मुलखाचे भाग पाडते, एकेका भागाचा हिशेब निराळा मांडते आणि त्या हिशेबावर पैसा सोडते. हे भाग कसे पाडावेत, एवढेच आम्हाला बोलावयाचे आहे. कोणी म्हणेल, हा विद्वानांचा खल, आमचे त्यात काय? अहो, हातभर बांध सरकला तर सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. येथे तर सबंध राज्याचे बांध घातले गेले आहेत.

आपल्या राज्याच्या विकासाचा हिशेब तीन चोपड्यांत मांडला गेला: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. हे तीन भाग आले कोठून? विदर्भ मध्यप्रांत-वऱ्हाडातला, मराठवाडा निजामाच्या राज्यातला आणि बाकीचा बहुतेक मुलूख मुंबई इलाख्यातला व त्याच्या आसपासच्या संस्थानांतला. म्हणजे जमीन, पाऊस, पीक, बाजार यांपैकी काहीएक पाहून या शिवा पडलेल्या नाहीत. कोणाची सत्ता कोठवर होती, त्यावर पडल्या. राजे गेले, दप्तर मागे राहिले. 1953 च्या नागपूर करारात हेच भाग धरले, राज्यघटनेच्या 371 व्या कलमातही हेच आले, आणि 1994 साली याच तीन भागांची विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली; पण तीन चोपड्यांची सवय काही संपली नाही.

येथे गैरसमज नको. विदर्भ-मराठवाड्याची तक्रार खोटी नाही. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने 1984 साली राज्यातील अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या कामांची थकबाकी, सुमारे 3,187 कोटी रुपये काढली. तिकडच्या कास्तकाराच्या ताटातला घास ओढून आमचे पोट भरावे, असे म्हणणारे आम्ही नव्हे. आमचे भांडण मापाशी आहे. समितीने जिल्हा हे माप धरले आणि राज्याच्या सरासरीखाली जो जिल्हा भरला त्याचा अनुशेष धरला. जिल्ह्याच्या पोटात काय दडले आहे, ते या मापात दिसत नाही.

आपला सातारा जिल्हाच घ्या. महाबळेश्वरी वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्यातल्या दहिवडीकडे वीस इंचांच्या आसपास पडला तरी आपण देवाला नारळ फोडतो. आता या दोहोंची सरासरी काढा बरे! शंभरावर इंच! कागदावर माणातल्या शिवारात भाताची खाचरे तुडुंब भरली म्हणायची, आणि विहिरीत पाहावे तर कासव उताणे पडलेले. जिल्ह्याला ऊस आहे, कारखाने आहेत, धरणे आहेत. सबब जिल्हा संपन्न, सबब माणही संपन्न! आणि हा जिल्हा ज्या चोपडीत, तिच्यात मुंबई शहरही बसलेले. नंदुरबारचा आदिवासी व मुंबईचा शेठ एकाच पानावर. हे आपल्याकडेच आहे असेही नाही. विदर्भाच्या चोपडीत नागपूर व गडचिरोली शेजारी शेजारी आहेत. तेथील पैसा नागपूरच्या रस्त्यावर पडला काय नि गडचिरोलीच्या रानात पडला काय, विदर्भाला मिळाला एवढेच लिहिले जाणार.

बरे, सरकारला हे कळत नाही म्हणावे तर तसेही नाही. शेतीच्या कामासाठी याच राज्याचे पाऊस व जमीन पाहून नऊ विभाग पाडलेले आहेत. त्यांत महाबळेश्वर घाटमाथ्यात पडते आणि आपण अवर्षणाच्या पट्ट्यात, सांगोला-आटपाडीच्या रांगेला. म्हणजे पेरायचे काय हे सांगताना आम्ही दुष्काळी, आणि पैसा वाटताना आम्ही संपन्न! एकाच सरकारची ही दोन तोंडे!

मग खरा भाग कोणता? मेंढपाळाला विचारा. पावसाळा सरला की तो मेंढरे घेऊन चाऱ्यामागे निघतो. त्याला जिल्ह्याची पाटी अडवीत नाही. माणगंगेला विचारा. ती माणात उगम पावते, आटपाडी व सांगोला तालुक्यांतून वाहत पुढे भीमेला मिळते. नदी एक, माती एक, दुष्काळ एक, आणि कचेऱ्या मात्र तीन जिल्ह्यांच्या. कारागिराचा मुलूख आणखी निराळा. वऱ्हाडात कापूस पिकतो नि इचलकरंजीत माग चालतात. सूत महागले की विणकराचा माग थांबतो, तो कोणत्या मंडळाच्या हद्दीत आहे हे त्याला कोण विचारतो? आणि आपला सुतार-लोहार तर शिवाराला बांधलेला. पेर झाली नाही तर कुळव-पाभर भरायला कोण येणार?

लोकांनी आपला भाग आपण आखावा, याचा दाखला दूर शोधावयास नको. 1993 पासून सांगली, सातारा व सोलापूर या तीन जिल्ह्यांतले दुष्काळी तालुके आटपाडीस एकत्र येऊ लागले. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर ही मंडळी पुढे होती. जिल्ह्याच्या शिवा बाजूस सारून या लोकांनी कृष्णेच्या पाण्याचा वाटा मागितला, आणि तोही प्रत्येक कुटुंबाला, ज्याला गुंठाभर जमीन नाही त्यालाही. कऱ्हाडजवळच्या टेंभूहून उचललेले पाणी पुढे आटपाडीकडे आले. ते वाटपात सगळ्यांना पुरते का, हे भांडण निराळे, आणि ते करावेच लागेल. पण हा मुलूख एक आहे हे आधी लोकांनी ओळखले, दप्तराने नव्हे.

आमची मागणी साधी आहे. माप जिल्ह्याचे नको, तालुक्याचे धरा. जेथे नदी एक तेथे खोऱ्याचे धरा. कचेरीतले साहेब म्हणतात, आकडे जिल्ह्याचेच तयार असतात. ठीक आहे, तालुक्याचे आपण देऊ. गावात विहिरी किती, त्यांतल्या चैत्रात आटतात किती, टँकर कोणत्या महिन्यात सुरू झाला, किती घरे ऊसतोडीला गेली, लोहाराच्या भात्याला वर्षात किती दिवस काम मिळाले, हे तलाठ्यापेक्षा तुम्हाला अधिक ठाऊक आहे. वही आम्ही आणली आहे. बाजार उरकला की प्रत्येक गावच्या दोघांनी देवळाच्या ओट्यावर यावे, त्यांत एक बाई असावी. पाणी कोठून आणावे लागते ते तीच नीट सांगेल.